लाईन आता स्थिर आहे

२४ ऑगस्ट

आलो एकदाचे. आरमोरीहून सकाळी निघालेला टेम्पो दुपार कलताना कोसमटोल्यात पोचला. वाटभर बाबा पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला जंगल दाखवत होते. इथं आम्ही साग लावला, इथं अस्वलानं आमच्या गार्डाले धरलं, हा नाला उन्हाळ्यातही आटत नाही. ड्रायव्हर हं हं करत होता. लकवा झाल्यापासून बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. वनपाल म्हणून त्यांनी अर्धी नोकरी या पट्ट्यात काढली. आरमोरीच्या माडीवरच्या खोलीत त्यांचं एकच म्हणणं असे, मले जंगलाजवळ ने.

माझं काम आड येत होतं. नागपूरच्या एका दवाखान्यातले डॉक्टर रुग्णांची माहिती बोलून ठेवतात, ती ऐकून मी घरबसल्या टाइप करते. काम चालू असताना लाईन तुटली की हातातली फाईल दुसऱ्या कुणाकडे जाते, आणि असं वारंवार झालं की नावच काढून टाकतात. म्हणून जिथे इंटरनेट नाही तिथे आम्ही राहू शकत नाही, इतकं साधं. कोसमटोल्यात ते आहे. घरमालक लटारूभाऊंच्या या घरात आधी रस्त्याच्या ठेकेदाराचं ऑफिस होतं, त्या काळची टेलिफोनची तार अजून जिवंत आहे. चौकातल्या पेटीपर्यंत नवी केबल आणि पेटीपासून घरापर्यंत ही जुनी तांब्याची तार. तिच्यावर ब्रॉडबँडही चालतं आणि एक जुना फोनही. मोबाईलला मात्र टेकडीवर गेल्याशिवाय रेंज नाही.

घर छान आहे. छपरावरचे कवेलू नवे, मोरी स्वच्छ (मी तरी ती पुन्हा घासली), पुढे पडवी आणि पडवीसमोर जंगल. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लावून झाला. शेजारची सोमारी स्वयंपाकाला आणि मी कामात असताना बाबांजवळ बसायला येणार आहे. तिने आल्याआल्या वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी आणली आणि मी मोरीवर हात धुताना बघत राहिली. मग म्हणाली, बाई, तुमी हात धुता का कातडं सोलता? बाबा हसले. मीही हसले. मला चिकटपणा सहन होत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं.

संध्याकाळी बेडकांनी आवार डोक्यावर घेतलं. भिंतीवरच्या पालींची चुकचुक, सोमारीचा कोंबडा, बाबांचा खोकला. लाईन एकदाही तुटली नाही. मी समाधानी आहे, असं लिहायला हरकत नाही.

२७ ऑगस्ट

काल आणि आज मिळून तीन फाईली हातातून गेल्या. कारण बाबा.

दुपारी ढग गडगडले आणि मी हेडफोनमध्ये असताना लाईन मेली. पाहते तर बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या हाताने बोर्डवरची राउटरची पिन काढली होती आणि भिंतीतून टेलिफोनची तारही उपटली होती. मी चिडले. ते शांतपणे म्हणाले, "गडगडलं का पिना काढाव. इज काई पाहुणा नाई रंजी, विचारून येत नाई." खरं तर या भागात सगळेच असं करतात, आमच्याही घरी लहानपणापासून हेच. बाबांनी तर वायरलेस सेटवर बसलेला माणूस विजेने जळालेला पाहिला आहे. त्यांना काय म्हणणार? पुन्हा तार लावली तर लाईन आली, पण रेंगाळत.

तालुक्याहून लाईनमन धनराज मोटारसायकलवर आला. बडबड्या माणूस आहे. त्याने सांगितलं की लाईन आता माणूस बघत नाही. "मॅडम, वरती मशीन बसली हाये. तेच पाह्यते कोनाची लाईन किती डाव तुटली. तुमी पिन काढली का तिले वाट्टे लाईनच बिमार हाये. मंग ते आपोआप स्पीड कमी करते." आठ-दहा दिवस काहीही काढू नका, मशीनला लाईनची सवय होऊ द्या, मग ती स्वतःच सगळं जमवून घेते, असं त्याचं म्हणणं. विजेचं काय, विचारलं तर म्हणाला, बाबाजीले सांगा, गडगडलं तर देवाचं नाव घ्या. बाबा म्हणाले, आमी देव सोडून जमाना झाला, पिन नाई सोडली.

जाताना त्याने खांबावरची केबल कापून नवा जोड दिला. आत पिवळट, दाट, चरबीसारखं काहीतरी होतं. जेली म्हणतात. पाणी शिरू नये म्हणून केबलमध्ये कारखान्यातच भरलेली असते. ती बोटांवर घेऊन त्याने मला दाखवली आणि मग बोटं माझ्या दाराच्या चौकटीला पुसली. तो गेल्यावर मी चौकट राखेने घासली. वास अजून येतो आहे. जुन्या मेणबत्तीसारखा, आणि त्याखाली काहीतरी मांसाचं.

३० ऑगस्ट

पुन्हा गडगडलं, पुन्हा पिन. आता स्पीड इतका उतरला आहे की डॉक्टरांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. दवाखान्यातून ताकीदही आली. बाबांशी मी कठोर बोलले. लाईन गेली तर आपल्याला आरमोरीला त्याच खोलीत परत जावं लागेल, असं म्हणाले. ते उशिरापर्यंत पडवीतून जंगलाकडे बघत बसले. हे बोलायला नको होतं. पण खोटं होतं का?

आज सकाळी भिंतीलगतच्या जुन्या फोनवर घंटी वाजली. कंपनीचा आपोआप चालणारा आवाज होता, एका बाईचा, नीट, शुद्ध, थोडा गोड. आपल्या लाईनवर वारंवार अडथळा आढळला आहे. अडथळा आपल्या घराच्या आत आहे. तो दूर करण्यास आपली संमती असल्यास एक दाबा.

मला वाटलं, घरातल्या वायरिंगबद्दल आहे. कुणालाही हेच वाटलं असतं. मी एक दाबलं.

२ सप्टेंबर

लाईन अप्रतिम चालते आहे. काल गडगडलं नाही आणि कामही भरपूर झालं.

पण एक घाण प्रकार. राउटरमागे पाल मरून पडली होती. कागदाने उचलली तर तिचं तोंड उघडंच, आणि आत पिवळी जेली गच्च भरलेली, तोंड भरून वर फुगलेली. मी कागद टाकून मोरीकडे धावले. नंतर बघितलं तर भिंतीतल्या टेलिफोनच्या खाचेतूनही जेली बारीक ओघळली आहे. पुसली. ती कोमट होती.

वायरमधून झिरपली असेल आणि पालीने चाटली असेल. संध्याकाळी लिहायला बसल्यावर लक्षात आलं की एकही पाल चुकचुकत नाही. बेडूकही नाहीत. पाऊस तर आहे.

४ सप्टेंबर

सोमारीचा कोंबडा. तो रोज आमच्या खिडकीखाली आरवायचा. आज ती त्याला पायाला धरून घेऊन आली आणि माझ्यासमोर लटकवला. जिवंत होता, डोळे फिरवत होता, पण चोच उघडत नव्हती. चोचीच्या फटीतून तेच पिवळं. म्हणाली, "बाई, तुमचं नेट मस्त चालून राह्यलं, अन् माह्या कोंबड्याचा गळा बसला." थट्टाच होती, पण हसली नाही. मी म्हटलं कापून टाक, भाजी कर. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच किळस आली. तिने तो खायला नाही, पुरायला नेला.

धनराज आला. पालीचं सांगितलं तर आधी हसला. म्हणाला, घरातल्या वायरमध्ये जेली नसतेच मॅडम, ती फक्त बाहेरच्या मोठ्या केबलमध्ये. मग त्याने भिंतीतली खाच उघडली. आत दोन बारीक तारा असतात, एक पांढरी, एक निळी. त्यांच्याभोवती जेली होती आणि ती हळूहळू वर-खाली होत होती. श्वासासारखी, हे मला लिहायचं नव्हतं.

त्याने बोटं स्वतःच्या पँटला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. वरच्या साहेबांना कळवतो म्हणाला आणि चहा न घेता निघाला. तोवर नाल्यावर पाणी चढायला लागलं होतं. तो गेला आणि रस्ता बंद झाला.

६ सप्टेंबर

आज पहाटे जाग आली ती शांततेने. बाबांचा खोकला नव्हता.

हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. बाबांचं सकाळचं खाकरणं, तो लांबलचक घरघरता ओढलेला कफ आणि मग डब्यात पडलेला आवाज, मला लहानपणापासून सहन होत नाही. पोरगी असताना मी उशीखाली डोकं खुपसायची. लकव्यानंतर तो डबा मीच धुते, पण श्वास रोखून, तोंड फिरवून. आज तो आवाज नव्हता तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. नुसतं बरं वाटलं, काळजी नंतर आली. किती नंतर, ते मी स्वतःला विचारते आहे.

बाबा जागे होते. बरं आहे का, विचारलं तर मान हलवली. चहा अर्धाच प्यायले, बाकीचा हनुवटीवरून ओघळला. उशीवर पिवळा डाग आहे.

दुपारी फोन आला. तीच बाई. आपल्या लाईनवरील बहुतेक अडथळे दूर झाले आहेत. एका व्यक्तीकडून लाईन वारंवार बंद केली जाते. हा अडथळा दूर केला जात आहे. मी ओरडले की नाही, नको, माझी संमती नाही. समोर माणूस नव्हता हे मला माहीत होतं. मग मी शून्य दाबलं, सगळी बटणं दाबली.

"आपली आधीची संमती कायम आहे," ती म्हणाली. त्याच गोड आवाजात.

७ सप्टेंबर

तार उपटली. दवाखाना, काम, सगळं गेलं तरी चालेल म्हणून उपटली. खाचेतून ती चिकट लाळेसारखी लांबत निघाली.

बाबांचा चेहरा काळानिळा पडला. खुर्चीत ताठ झाले, छाती हलेना. सोमारी किंचाळली. मी तार परत खुपसली आणि बाबांनी श्वास घेतला. एक, मग दुसरा. सावकाश. राउटरच्या हिरव्या दिव्याच्या तालावर.

राउटर नुसता बंद करून पाहिला. तेच.

सोमारीने बाबांचं तोंड उघडायला सांगितलं. मला होईना. माझे स्वतःचे बाबा, आणि मला हात लावायला होईना. वास येत होता, मेणाचा आणि मांसाचा. शेवटी तिनेच जबडा धरला आणि मी दोन बोटं घातली. कोमट. दाट. जिभेभोवती, हिरड्यांमागे, गालात. ओंजळभर काढली तरी खालून येतच होती. मी मधेच ओकले आणि पुन्हा हात घातला.

जिभेखाली काहीतरी कडक लागलं. दोन बारीक तारा. एक पांढरी, एक निळी.

८ सप्टेंबर

सोमारीचा भाऊ सुकलू डोंगा, म्हणजे लाकडी होडी, घेऊन येतो म्हणाला, नाल्यापलीकडे, तिथून गाडीने दवाखान्यात. पण बाबांना तारेपासून सोडवायचं कसं? तारा ओढून पाहिल्या. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत कुठपर्यंत गेल्या आहेत माहीत नाही. सोमारी सुकलूला म्हणाली, ते झाडासारखे झालेत, मुळासकट न्यावे लागतील.

भिंतीतली खाच आता ओठासारखी दिसते. मी तिच्याकडे पाठ करून बसते.

दिवसभर बाबांचं तोंड साफ केलं. आता किळस येत नाही. म्हणजे येते, पण हात थांबत नाही. इतकी वर्षं श्वास रोखून डबा धुतला आणि आता— एकदा तरी खाकरा बाबा. एकदा.

लाईन तुटत नाही. दवाखान्यातून निरोप आला, आपलं काम उत्कृष्ट आहे.

९ सप्टेंबर, दुपार

सोमारीचा आवाज गेला. दारात आली आणि नुसते हात हलवले. परवा तिनेच जबडा धरला होता— तोंडाला पदर. मी तिला पळ म्हटलं. डोंग्यात बस, सुकलूसोबत जा, माघारी येऊ नको. गेली. पदराखालून थेंब पडत होते, पडवीभर.

माझा घसा सकाळपासून आवळलेला. तोंडात मेणाची चव. थुंकून बघितलं नाही. बघायचं नाही.

पश्चिमेला ढग.

९ सप्टेंबर, नंतर

गडगडतं आहे. टेकडीपलीकडे. जवळ येतं आहे.

वीज तारेवर पडली तर खांबावरून चौकटीतून भिंतीतून सरळ— जिभेखाली. तार काढली तर श्वास थांबतो. काढली नाही तर—

बाबांना कळलं आहे. डोळे उघडे. उजवा हात उचलतात आणि चिमटीत काहीतरी धरून ओढल्यासारखं करतात. पुन्हा. पुन्हा. पिन काढ. आयुष्यभर हीच खूण. मी मान हलवते, नाही म्हणते. ते पुन्हा तेच. रागावलेत. डोळ्यांतून रागावलेत, मी लहान असताना रागवायचे तसे.

हे लिहिते आहे ते धनराजसाठी. किंवा जो येईल त्याच्यासाठी. तार पुन्हा लावू नका. एक दाबू नका. कशालाच—

फोन वाजतो.

उचलला. बाईचा आवाज नाही. बाबांचा आहे. हुबेहूब, लकव्याच्या आधीचा, भरदार. "रंजी, पिन नको काढू बेटा. लाईन आता स्थिर आहे."

समोर बाबा. ओठ बंद. हात ओढतो आहे, ओढतो आहे.

वर गडगडत असताना पिन नको काढू, असं माझे बाबा म्हणणार नाहीत. कधीच नाही. तो आवाज त्यांचा आहे पण ते—

डावा हात पिनेवर आहे. कोमट. बाबा मान हलवतात, हो म्हणतात. बाबा, मी ओढते. ओढते आहे. पिन येत नाही, बोटं आत जाताहेत, बाबा, बोटं